पक्षनिष्ठा आणि सामाजिक वर्ग

उत्पन्न, मालमत्ता, व्यवसाय, शिक्षण, धर्म, वंश, जात यांपैकी कशाकशाने माणूस एखाद्या राजकीय पक्षाशी बांधला जातो, हा राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या सीमेवरचा जुना विषय. एका निवडणुकीत कुणाला मत दिले एवढ्यावरून पक्षनिष्ठा ठरत नाही. उमेदवार आवडला नाही, सरकारवर राग आला, एखाद्या वेळी मत दुसरीकडेही गेले, तरी ‘आम्ही अमक्या पक्षाचे’ असे माणूस म्हणत राहतो, ती पक्षनिष्ठा. श्रीमंत उजवीकडे, गरीब डावीकडे हे समीकरण विसाव्या शतकाच्या मध्यात अनेक औद्योगिक देशांत बऱ्यापैकी जुळत होते. पण ते आपोआप जुळलेले नव्हते. माणसाला त्याच्या वर्गातून पक्षापर्यंत नेणारे कोणीतरी लागते: कामगार संघटना, चर्च, क्लब, वृत्तपत्र, शेजार. ही मधली माणसे आणि संस्था गेल्या की वर्ग आहे तिथेच राहतो आणि निष्ठा सुटते.

वर्ग कशावरून ठरवायचा

पहिली अडचण इथेच येते. स्वतःचा धंदा असलेला वायरमन आणि सरकारी शाळेतला शिक्षक महिन्याकाठी सारखेच कमावत असतील. पण वायरमनला कर आणि परवाने रोज आडवे येतात, तर शिक्षकाचा पगारच सरकारी खर्चातून होतो. उत्पन्न एक, हितसंबंध दोन. म्हणून बहुतेक अभ्यासक उत्पन्नाऐवजी व्यवसाय धरतात आणि त्यातही नोकरदार व स्वयंरोजगार वेगळे काढतात. 1983च्या ब्रिटिश निवडणुकीच्या अभ्यासात हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) या उजव्या पक्षाचा सर्वांत भक्कम आधार मोठ्या पगाराचे व्यवस्थापक नव्हते. छोटे दुकानदार आणि स्वतःचा धंदा करणारे होते.

मालमत्तेचे गणित आणखी फसवे आहे. ब्रिटनमध्ये 1980च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकेच्या घरांतील भाडेकरूंना 33 ते 50 टक्के सवलतीत घर विकत घेण्याचा हक्क दिला. घरमालक झालेला कामगार हुजूर पक्षाकडे वळेल, असा तर्क त्या वेळी हुजूर आणि डावा मजूर (लेबर) या दोन्ही पक्षांत बोलला जाई. पुढे संशोधकांनी तपासले, तेव्हा घर घेणाऱ्यांतले बरेच जण आधीपासूनच त्या पक्षाकडे झुकलेले निघाले. घरामुळे मत बदलले की मुळात त्या मताचेच लोक घर घ्यायला पुढे आले, हा प्रश्न या विषयात पावलोपावली येतो.

मोजमाप

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अल्फर्ड यांनी 1963 मध्ये एक सोपा निर्देशांक मांडला. अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांपैकी किती टक्के डाव्या पक्षाला मत देतात, त्यातून पांढरपेशांची टक्केवारी वजा करायची. समजा, शंभर कामगारांपैकी 65 आणि शंभर पांढरपेशांपैकी 25 जणांनी डाव्या पक्षाला मत दिले, तर निर्देशांक 40. अल्फर्ड यांनी चार देश ताडून पाहिले. ब्रिटन सुमारे 40, ऑस्ट्रेलिया 33, अमेरिका 16 आणि कॅनडा 8. कॅनडात गरीब-श्रीमंत नव्हते असे नाही. तिथे भाषा, धर्म आणि प्रांत यांनी वर्गाला मागे सारले होते. सगळा समाज दोनच खणांत कोंबतो, हा या निर्देशांकावरचा आक्षेप रास्त आहे. पण दोन देश किंवा दोन काळ झटकन ताडून पाहायचे तर अजूनही तोच हाताशी येतो.

नकाशावरून वर्ग वाचण्याचा मोह मात्र आवरावा. 2000 आणि 2004च्या अमेरिकी निवडणुकांत श्रीमंत राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे आणि गरीब राज्ये रिपब्लिकन पक्षाकडे गेली. त्यावरून श्रीमंत लोक डेमोक्रॅट झाले असा निष्कर्ष अनेकांनी काढला. सांख्यिकीतज्ज्ञ अँड्र्यू गेलमन आणि सहकाऱ्यांनी राज्याच्या आत डोकावून पाहिले, तर चित्र उलटे होते. मिसिसिपीसारख्या गरीब राज्यात श्रीमंत मतदार ठामपणे रिपब्लिकन होते, गरीब मतदार तसे नव्हते. कनेटिकटसारख्या श्रीमंत राज्यात उत्पन्नाने फारसा फरकच पडत नव्हता.

घरातून आणि शेजारातून

1940 मध्ये समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ईरी काउंटीत सुमारे 600 मतदारांना मे ते नोव्हेंबर दरमहा भेटून प्रश्न विचारले. प्रचाराने माणसे कशी फिरतात ते त्यांना पाहायचे होते. फिरलेले फार थोडे सापडले. आर्थिक स्थिती, धर्म आणि शहर की खेडे एवढे कळले की बहुतेकांचे मत सांगता येत होते: सुस्थितीतला, प्रोटेस्टंट, ग्रामीण माणूस रिपब्लिकन; गरीब, कॅथलिक, शहरी माणूस डेमोक्रॅट. खरे मोलाचे निरीक्षण मात्र मधल्या लोकांचे होते. श्रीमंत पण कॅथलिक अशांवर दोन्हीकडून ओढ पडे. ते उशिरा ठरवत किंवा राजकारणातला रसच सोडून देत.

1960च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी पक्षनिष्ठेची तुलना धर्माशी केली. दोन्ही बहुधा आईबापांकडून मिळतात आणि कारणे नंतर शोधली जातात. आईबाप एकाच पक्षाचे असतील तर हा वारसा घट्ट बसतो. दोघे वेगळ्या पक्षांचे असतील तर तो सैल पडतो. म्हणूनच गिरणीत काम केलेल्या बापाची पदवीधर मुलगी चांगल्या पगारावर गेली, तरी तिचे मत बापाच्या आणि तिच्या नव्या सहकाऱ्यांच्या मधोमध कुठेतरी सापडते.

मधल्या संस्था

ब्रिटनमधील डरहॅमला 1871 पासून खाणकामगारांचा वार्षिक मेळावा भरतो. प्रत्येक खाणीची संघटना आपला रेशमी ध्वज घेऊन, पुढे पितळी वाद्यांचा बँड लावून शहरातून जात असे. अनेक ध्वजांवर मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांची चित्रे रंगवलेली असतात. काही ध्वज नंतर कॅथेड्रलमध्ये आशीर्वादासाठी नेतात. बापाच्या खांद्यावरून हा सोहळा पाहणाऱ्या पोराला पक्षाचा जाहीरनामा कुणी वाचून दाखवावा लागत नसे.

संस्थेचे बळ किती, हे एका साध्या अर्जावरून दिसते. 1909च्या न्यायालयीन निकालाने कामगार संघटनांना राजकारणावर पैसा खर्च करण्यास मनाई झाली. 1913च्या कायद्याने वेगळा राजकीय निधी उभारायची मुभा दिली. ज्याला वर्गणी द्यायची नाही त्याने तसा अर्ज करायचा. 1926च्या सार्वत्रिक संपानंतर हुजूर सरकारने 1927 मध्ये हे उलटवले: वर्गणी द्यायची असेल त्यानेच अर्ज करायचा. मजूर पक्षाच्या संघटनांमार्फत झालेल्या सभासदांत वर्षभरात दहा लाखांहून अधिक घट झाली. एकाचाही वर्ग बदलला नव्हता, पगार बदलला नव्हता. अर्ज कुणी भरायचा एवढेच बदलले होते. 1946 मध्ये मजूर सरकारने जुनी पद्धत परत आणली.

नेदरलँड्समध्ये धर्माने हेच काम केले. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि समाजवादी यांच्या शाळा, कामगार संघटना, रेडिओ संस्था वेगवेगळ्या होत्या. 1954 मध्ये कॅथलिक बिशपांनी समाजवादी कामगार संघटनेत जाण्यास आणि समाजवादी रेडिओ नियमित ऐकण्यास मनाई करणारे पत्रक काढले. 1963 मध्ये कॅथलिक पक्षाला संसदेच्या 150 पैकी 50 जागा मिळाल्या. पुढच्या दहा वर्षांत चर्चची पकड सैल झाली आणि 1972 मध्ये त्या 27 वर आल्या. कॅथलिक कुटुंबांत जन्मलेली माणसे देशात होतीच.

वर्गाविरुद्ध मत

मराठीत ब्रिटनच्या दोन पक्षांना ‘मजूर’ आणि ‘हुजूर’ म्हणतात. यमक छान जुळते, पण गल्लत होते. विसाव्या शतकात ब्रिटिश कामगारांपैकी साधारण एक-तृतीयांश मते हुजूर पक्षालाच पडत आली. त्यांच्याशिवाय तो पक्ष इतकी वर्षे सत्तेत राहणे अशक्य होते. 1867 मध्ये शहरी कामगारांतील मोठ्या भागाला मताधिकार याच पक्षाच्या सरकारने दिला होता. राजघराणे, साम्राज्य, धर्म आणि सुव्यवस्था यांचा अभिमान वर्गाच्या आडवा जातो, हे त्या पक्षाने लवकर ओळखले.

अमेरिकेत वर्गापेक्षा वंश वरचढ ठरला. गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकन यांचा पक्ष म्हणून आफ्रिकी-अमेरिकी मतदार पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन होते. 1936 पर्यंत डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मदतकार्यांमुळे बहुसंख्य डेमोक्रॅटिक पक्षाकडे आले. नागरी हक्क कायद्याच्या वर्षी, 1964 मध्ये, नव्वद टक्क्यांहून अधिक मते तिकडे गेली आणि पुढे उत्पन्न कितीही वाढले तरी मोठे बहुमत तिथेच राहिले. भारतातही जात आणि समुदाय यांना वगळून केवळ उत्पन्नावरून पक्ष सांगू पाहणारा बहुधा चुकतो.

शिक्षणाची फाटाफूट

1950-60च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत कमी शिकलेले आणि कमी कमावणारे दोघेही डाव्या पक्षांकडे असत. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी यांनी 2018 मध्ये दाखवले की फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेत उच्चशिक्षित हळूहळू डावीकडे सरकले, तर पैसेवाले बहुतांशी उजवीकडेच राहिले. त्यांनी याला ‘ब्राह्मण डावे’ आणि ‘व्यापारी उजवे’ अशी नावे दिली. वर्णव्यवस्थेतून उचललेली ही उपमा मराठी वाचकाला गमतीची वाटेल; ज्ञान एकाकडे, धन दुसऱ्याकडे एवढाच तिचा अर्थ.

2019च्या ब्रिटिश निवडणुकीत कामगार वर्गातही हुजूर पक्षाने मजूर पक्षावर आघाडी घेतली. डरहॅम परगण्यातला बिशप ऑकलंड मतदारसंघ 1885 मध्ये स्थापन झाल्यापासून पहिल्यांदाच हुजूर पक्षाकडे गेला. तिथल्या खाणी केव्हाच बंद झाल्या होत्या. 2024 मध्ये तो मजूर पक्षाकडे परतला, तरी ते जुन्या निष्ठेचे पुनरागमन म्हणावे असे काही त्यात दिसत नाही.

पक्ष कोणता यापेक्षाही वर्गाची रेघ आता मतदानाला जाणारे आणि न जाणारे यांच्यात ठळक दिसते. ब्रिटनमध्ये दोन्ही पक्ष मध्यमवर्गाची भाषा बोलू लागल्यावर कामगारांतील बरेच जण दुसऱ्या पक्षाकडे न जाता घरीच बसू लागले. अमेरिकेतही गरीब मतदान कमी करतात. भारतात 1990च्या दशकापासूनच्या सर्वेक्षणांत उलटे दिसले: गरीब, दलित आणि ग्रामीण मतदार शहरी सुखवस्तूंच्या बरोबरीने किंवा त्यांच्याहून अधिक मतदान करतात.