पदवीचा भाव कोण ठरवतं?

२०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. एखाद्या कार्यालयात किंवा कारखान्यात सहा महिने काम शिकायचं आणि सरकारकडून विद्यावेतन घ्यायचं, अशी ती योजना. दर ठरले ते असे: बारावी पासला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. एम.ए., एम.एस्सी. केलेल्यालाही दहाच. म्हणजे बारावीनंतरची तीन-चार वर्षं, फी, खोलीभाडं, मेस एवढं सगळं करून हाती आले ते महिन्याला चार हजार जास्त. पुढच्या दोन वर्षांचं तर काहीच नाही.

'कॉलेज करून उपयोग काय?' हा प्रश्न दर जूनमध्ये घरोघरी निघतो, आणि तो आजकालच्या पोरांनी काढलाय असं मोठ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो मुंबई विद्यापीठाच्या बरोबरीने वाढलेला आहे. त्याचं उत्तर मात्र विचारणारा कोण, त्याच्या घरात आधीपासून काय आहे, यावर दर वेळी बदलत गेलं.

सुरुवात नोकरीपासूनच झाली. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचा ठराव केला. तेव्हा देशात विद्यापीठच नव्हतं. शिक्षणाचं धोरण आखणाऱ्या १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, शिकवायचं काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांनी करायचं. त्यामुळे ज्ञानाआधी परीक्षा आणि परीक्षेनंतर जागा, हा क्रम आपल्याकडे पहिल्या दिवसापासून पक्का झाला. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ साली बाहेर पडले, ते चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, भांडारकर त्याच विद्यापीठाचे कुलगुरू. चारच पदवीधर असताना पदवीचा उपयोग काय, असं कोणी विचारायचं कारणच नव्हतं.

वीस वर्षांनी ते विचारलं गेलं, आणि विचारणारा विद्यापीठाच्या बाहेरचा होता. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा पहिला मुद्दा. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, या समजुतीची त्यांनी त्यात चिरफाड केली. त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. सुशिक्षितांची संख्या शंभरपट व्हावी, पण त्यांनी सरकारी नोकरीच्या मागे न लागता उपयोगी, चार पैसे मिळवून देणारे धंदे धरावेत, असं फुले म्हणतात. म्हणजे ते शिक्षणाच्या विरोधात नव्हते. पदवी म्हणजे सरकारी खुर्ची हे समीकरण त्यांना मान्य नव्हतं. १८८२ मधलं हे वाक्य आजच्या कौशल्य विकासाच्या भाषणात घातलं तर कोणाला शंकाही येणार नाही.

त्याच सुमारास पुण्यात दुसराच प्रकार चालला होता. टिळक बी.ए., एलएल.बी. झाले होते, आगरकर एम.ए. करत होते, आणि दोघांनीही सरकारी नोकरीकडे पाठ फिरवली. मोठ्या परीक्षा दिल्या तरी मोठ्या पगाराच्या मागे लागणार नाही, असं आगरकरांनी आईला कळवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. नोकरी नाकारणाऱ्यांनी काढलेल्या कॉलेजात मुलं आली ती बहुतेक नोकरीसाठीच, हे वेगळं.

१९२०-२१ मध्ये असहकाराच्या लाटेत सरकारी कॉलेजं सोडण्याची हाक आली आणि पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं. त्याआधीच, १९१६ साली, विनोबांनी आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली होती आणि इंटरच्या परीक्षेला मुंबईला जाता जाता ते काशीला गेले होते. या माणसांच्या त्यागाबद्दल शंका नाही. तरीही एक गोष्ट खटकते. पदवी फुकट आहे, असं म्हणणाऱ्यांच्या खिशात बहुधा ती असायची, किंवा ती मिळवण्याइतकं शिक्षण घरात आधीच असायचं. ज्याच्या घरात पहिलं पुस्तक यायचं होतं, त्याला ही चैन परवडणारी नव्हती.

कोल्हापुरात मात्र त्याच्या आधीपासूनच वारं उलटं वाहत होतं. शाहू महाराजांनी १९०२ साली संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या जातींसाठी निम्म्या जागा राखल्या. जागा भरायला शिकलेली माणसं हवीत, म्हणून वसतिगृहंही उभी केली. शहरात राहायची सोय नसेल तर कॉलेजची फी माफ करूनही काही साधत नाही, हे महाराजांना नेमकं कळलं होतं. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला कॉलेज. तिथलं 'कमवा आणि शिका' म्हणजे आजच्या भाषेत शिक्षणाचा खर्च आणि परतावा यांचंच उत्तर होतं. फक्त हातात कुदळ असायची.

पदवीचं मोल आणि तिची मर्यादा, दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात बघायची असेल तर आंबेडकरांचं १९१७ मधलं बडोदं पाहावं. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते, आणि अटीप्रमाणे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीत शिपाई कागदपत्रं दुरून टाकत. राहायला जागा मिळेना, नाव लपवून पारशी उतारूगृहात राहिले तर तिथूनही हाकलले गेले. एवढं शिकूनही एक खोली मिळत नाही, यावरून शिक्षण कुचकामी असा निष्कर्ष कोणीही काढला असता. त्यांनी काढला नाही. १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. मराठवाड्यातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर याच रस्त्याने आला.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं सरकारी धोरण झालं. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसी सवलत, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फीमाफी, आली. १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ ला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ निघालं, आणि तालुक्याच्या गावी आर्ट्स-कॉमर्स कॉलेजं दिसू लागली.

पण तेव्हा पदवीशिवायचा रस्ताही उघडा होता, हे आपण विसरतो. कोकणातला, घाटावरचा मुलगा गिरणगावात यायचा, गाववाल्यांच्या खोलीवर पथारी टाकायचा आणि ओळखीने बदली कामगार म्हणून चिकटायचा. गिरणीत कोणी मार्कशीट मागत नसे. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातले कित्येक परत कधी मशीनवर उभे राहिले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. स्वतः दादांचं शाळेतलं शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता, पण घराघरांत त्या एकत्रच पोचल्या. एक दार बंद झालं, दुसरं उघडलं, आणि दुसऱ्याला तिकीट होतं. देणग्या इतक्या बोकाळल्या की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. साखर कारखान्याच्या पट्ट्यात कारखान्याशेजारी इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं, त्यातून दोन पिढ्या पुण्याच्या आयटी कंपन्यांत आणि अमेरिकेत गेल्या. शेत विकून भरलेली फी तेव्हा वसूल झाली. २०१० नंतर मात्र कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्या, संपले तरी हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या. तोवर बी.ई.ची मुलं पोलीस शिपाई भरतीत धावू लागली होती, जिथे पात्रता बारावी आहे.

याच काळात पदवीच्या विरोधात सर्रास वापरला जाणारा आकडा आला: केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत पदवीधरांमधली बेकारी अशिक्षितांपेक्षा कितीतरी जास्त दिसते. आकडा खरा आहे, अर्थ घाईने लावला जातो. ज्याच्या घरी उद्याची चूल रोजंदारीवर पेटते, तो बेकार राहूच शकत नाही, मिळेल ते काम करतो. पदवीधर वाट पाहतो, कारण घरातलं कोणीतरी त्याला पोसतं. नोकरी लागलेल्या पदवीधराची सरासरी कमाई आजही इतरांपेक्षा जास्तच आहे. प्रश्न आहे तो लागेपर्यंतच्या वर्षांचा, आणि ती वर्षं पुण्यात सदाशिव पेठेतल्या, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये जातात. राज्यसेवेला, म्हणजे सरकारी अधिकारी होण्याच्या परीक्षेला, कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणून विषय कोणता याला किंमत उरली नाही. ज्या कॉलेजातून ही पदवी मिळते, तिथला नेट-सेट या पात्रता परीक्षा पास झालेला प्राध्यापक स्वतः अनेकदा तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर, असतो, हेही मुलांना दिसतंच.

मुलींचा हिशोब पहिल्यापासून वेगळा राहिला. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, पण पुढे कित्येक वर्षं मुलीची पदवी नोकरीपेक्षा स्थळासाठी मोजली गेली. आजही बारावीनंतरचं कॉलेज म्हणजे लग्न तीन वर्षं पुढे ढकलायचं सर्वमान्य कारण आहे, आणि हा उपयोग कोणत्याही पाहणीत धरला जात नाही.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचे तुकडे केले आहेत. एका वर्षावर प्रमाणपत्र, दोनवर पदविका, तीनवर पदवी, चारवर ऑनर्स. गरज पडली तर मधेच उतरा, पुन्हा चढा. कागदावर ही सोय गरीब घरातल्या मुलासाठी आहे. सरकारी भरतीच्या जाहिरातींत मात्र पात्रता अजून बारावी किंवा पदवी अशीच छापून येते, मधल्या थांब्यांचा उल्लेख क्वचितच असतो. चौथ्या वर्षाचंही तसंच: राज्यसेवेच्या अर्जाला तीन वर्षांची पदवी पुरते, तेव्हा पुण्यातलं आणखी एका वर्षाचं खोलीभाडं कशासाठी भरायचं, हा हिशोब घरच्यांना नव्याने मांडावा लागतो आहे.