अंतुल्यांचं सिमेंट: मुंबईचं मत आणि कोकणचं

३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या पहिल्या पानावर अरुण शौरी यांचा लेख आला आणि मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाला सिमेंट कायमचं चिकटलं. इंदिरा गांधींच्या नावाने काढलेल्या प्रतिष्ठानाला बिल्डरांनी देणग्या द्यायच्या आणि सिमेंटचा कोटा मिळवायचा, असा आरोप होता.

तो एवढा पेटला याचं निम्मं श्रेय सिमेंटलाच द्यायला हवं. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. साधी डागडुजी करायची तरी परमिट, नाहीतर काळाबाजार. चार पोत्यांसाठी अर्ज घेऊन ताटकळलेल्या माणसाला ही बातमी कुणी समजावून सांगावी लागली नाही. पुढे पी. बी. सामंत, मृणाल गोरे यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. खुर्ची निकालाने गेली हे खरंच. पण शहरी वाचकाचा निवाडा त्याआधी साडेचार महिन्यांपासून रोज सकाळी छापून येत होता.

त्यांच्यावरचा भ्रष्टाचाराचा फौजदारी खटला मग वर्षानुवर्षं रेंगाळला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे वर्ग केला आणि १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेशच चुकीचा ठरवून रद्द केला. या कायदेशीर गुंत्याची बातमी पहिल्या आरोपाइतकी कुणाच्या लक्षात राहिली नाही. राहतही नाही.

कोकणात हिशेब निराळा होता. निराधारांसाठीची संजय गांधी योजना अंतुल्यांच्याच कारकिर्दीत, १९८० साली सुरू झाली. कुलाबा जिल्ह्याचं ‘रायगड’ नामकरणही त्यांच्याच काळातलं. मुंबईच्या पेपरांनी निकालात काढलेल्या या माणसाला रायगडातल्या कुलाबा मतदारसंघाने १९८९, १९९१ आणि १९९६ मध्ये लोकसभेत पाठवलं. मधल्या दोन निवडणुका शेकापचे रामशेठ ठाकूर जिंकले, पण २००४ मध्ये अंतुले पुन्हा निवडून आले आणि केंद्रात मंत्रीही झाले.

२६/११च्या हल्ल्यात मारले गेलेले दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल त्यांनी शंका घेतली आणि पुन्हा मथळ्यांत आले. या वेळी वाहिन्या चोवीस तास चालू होत्या. २००९ मध्ये रायगडातून ते शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याकडून हरले. अर्थात तोवर मतदारसंघाची फेररचनाही झाली होती, त्यामुळे तो पराभव सगळा वाहिन्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.