भेट कूपन आणि सवलत कूपन: सोडतीत कोणतं ठेवायचं?

सायकलने, एसटीने किंवा एका गाडीवर दोघं मिळून कामावर येणाऱ्यांसाठी कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याने महिन्याची सोडत ठेवली, की बक्षिसांसाठी सांगली-मिरजेतली दुकानं पालथी घालावी लागतात. दुकानदार सहज म्हणतो, "पाचशेचं कूपन देतो." हे कूपन नेमकं कोणतं, हे तिथल्या तिथे विचारून घ्यावं.

रिकाम्या खिशाने दुकानात गेलेला कामगार वस्तू घेऊन परत येऊ शकला, तर ते भेट कूपन. आधी दोन हजारांची खरेदी आणि मग पाचशे कमी, असं असेल तर ते सवलत कूपन. ती दुकानाची जाहिरात आहे. सोडतीत पहिलं बक्षीस म्हणून ते दिलं तर विजेता हिरमुसतो आणि पुढच्या महिन्यात नाव नोंदवायलाही येत नाही.

दुकानदार सवलतीकडे झुकतो, त्यामागे हिशेब आहे. बिलावर दाखवलेली सवलत वजा करून उरलेल्या रकमेवरच जीएसटी लागतो. फुकट दिलेल्या वस्तूच्या खरेदीवर घेतलेलं टॅक्स क्रेडिट (खरेदीवेळी भरलेल्या जीएसटीची मिळालेली वजावट) मात्र परत करावं लागतं, म्हणजे वस्तूच्या किमतीवर वरचा भुर्दंड. म्हणून त्याच्याकडे माल मागण्यापेक्षा मजुरी मागावी. सायकलची पूर्ण सर्व्हिसिंग, चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून देणं, वर्षभर पंक्चर मोफत. यात त्याचा खर्च मुख्यतः वेळेचा असतो आणि कामगाराची सायकल रस्त्यावर राहते. काही दुकानदार ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी पावती मागतात. कारखान्याला ती देता येत नाही, आणि वस्तुरूप देणगीला ती वजावट मिळतच नाही. हे आधीच स्पष्ट सांगावं.

सोडतीच्या दीड महिना आधी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्यावं. दिवाळीच्या गर्दीत जाऊ नये, मालकाला बोलायलाही उसंत नसते. कूपनवर रक्कम न लिहिता वस्तूचं किंवा कामाचं नाव लिहून घ्यावं: "एक रेनकोट, हवा तो साईज". शिवाय अनुक्रमांक, शिक्का, सही आणि किमान सहा महिन्यांची मुदत. 'किमान खरेदीची अट नाही' ही ओळ त्याच्याच हस्ताक्षरात हवी, कारण काउंटरवरचा पोरगा मालकाचा तोंडी शब्द मानत नाही. दुकानाची सुट्टीही विचारावी. कामगाराची साप्ताहिक सुट्टी त्याच वारी असेल, तर कूपन खिशातच मुदत संपवतं.

पेट्रोलचं कूपन कुणी देऊ केलं तर नम्रपणे नाकारावं. एकट्याने गाडी आणू नये म्हणून योजना काढायची आणि बक्षीस पेट्रोलचं द्यायचं, हे जुळत नाही. त्यापेक्षा कंपनीनेच एसटीचा मासिक पास काढून द्यावा. वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर प्रवास होतो.

सवलत कूपनं आली तर तीही घ्यावीत, फक्त सोडतीच्या डब्यात टाकू नयेत. महिन्यात ठरलेले दिवस भरलेल्या प्रत्येकाला ती वाटावीत, आणि नोटीस बोर्डावर 'बक्षीस' न लिहिता 'सवलत' असंच लिहावं.