स्वतःला इजा व हिंसेचा धोका : प्राथमिक मानसिक आरोग्यसेवेतील हाताळणी

एखादी व्यक्ती स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला अपाय करील का, हे मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचण्याआधीच गल्लीतल्या डॉक्टराने, परिचारिकेने वा आशाताईने ओळखणे आणि तिला सुरक्षित ठेवणे, म्हणजे ही हाताळणी. प्रश्नावलीचे गुण मोजून अचूक भाकीत करता येत नाही. ‘धोका कमी’ असा शेरा मिळालेली माणसेही जीव देतात. त्यामुळे विचारपूस गुणांकनापेक्षा मोलाची.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला थेट विचारण्याचा आहे. विचारल्याने डोक्यात नसलेली कल्पना शिरते, ही समजूत चुकीची. विचार येतात का, बेत आखला आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, या क्रमाने पुढे जावे.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, यानेही फरक पडतो. ग्वाल्हेर शहरातला लष्कर हा भाग दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या छावणीतून वाढलेला. तिथल्या जुन्या मराठी घरांत बोलणे मराठी, दवाखान्यातले कागद मात्र हिंदी. ‘मरने के खयाल आते हैं?’ याला आजी ‘नहीं, नहीं’ म्हणतात आणि पायऱ्या उतरताना सुनेला सांगतात, ‘देवानं आता उचलावं गं.’ हे वाक्य पुष्कळदा नुसता वैताग असतो, कधी नसतो. ‘म्हणजे काय, आजी? स्वतःचं काही करून घ्यावंसं वाटतं का?’ असे विचारल्याखेरीज कळत नाही.

धोका दिसल्यास एकटे सोडू नये. कीटकनाशक व उरलेली औषधे घरातल्या दुसऱ्या कुणी कुलपात ठेवावीत. गोळ्या थोड्या थोड्या दिवसांच्याच द्याव्यात. टेलि-मानस (१४४१६) ही २०२२ पासूनची मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालते.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर घरचे ‘चुकून औषध पोटात गेलं’ सांगतात, कारण पोलिसांच्या फेऱ्यांची भीती. नोंदच खोटी झाली की पुढची देखभाल तुटते. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असेच गृहीत धरते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दंड संहितेच्या जुन्या कलम ३०९ सारखा आत्महत्येच्या प्रयत्नाचा सरसकट गुन्हा उरलेला नाही.

हिंसेविषयी गैरसमज याहून मोठे. बहुतेक मनोरुग्ण हिंसक नसतात. मार खाणाऱ्यांतच ते अधिक. दारू, पूर्वीची मारहाण, कुणी जिवावर उठल्याचा भ्रम आणि जवळ शस्त्र असल्यास सावध व्हावे. गर्दी हटवावी, आवाज खाली ठेवावा, वाद घालू नये. दोघांनाही दार मोकळे राहील असे बसावे. त्याच कायद्याचे कलम ९४ कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णयाला मदत करणारा) हजर असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू देते. विजेच्या झटक्यांचा उपचार त्यात मोडत नाही. संस्थेत एकट्याला कोंडणे मना आहे.

ग्वाल्हेरात पुढे पाठवायचे तर जिल्हा रुग्णालय, जयारोग्य रुग्णालय किंवा १९३५ ची मानसिक आरोग्यशाळा, म्हणजे मनोरुग्णालय. ‘आरोग्यशाळेत टाकीन’ ही धमकी घरोघरी ऐकलेली, म्हणून कुठे व कशासाठी पाठवतो हे रुग्णाला आधी सांगावे. चिठ्ठीत ‘उदास’ एवढेच न लिहिता त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत. सुट्टी मिळून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. आशाताईची पहिली फेरी पहिल्याच आठवड्यात व्हावी, आणि त्या वेळी कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हेही विचारावे.