अंडी आणि बटर वगळून पानेत्तोने

पानेत्तोने म्हणजे इटलीतला नाताळचा गोड पाव. तिथे पानेत्तोने कशाला म्हणायचं, हे कायद्यानं ठरलेलं आहे. २२ जुलै २००५च्या सरकारी आदेशाप्रमाणे त्यात बटरमधली स्निग्धता किमान १६ टक्के, अंड्याचा पिवळा बलक किमान ४ टक्के, आणि बेदाणे व साखरेत मुरवलेली संत्र्या-महाळुंगाची साल मिळून किमान २० टक्के लागते. पीठ नैसर्गिक आंबवणानं फुगवावं लागतं. बटर आणि अंडी काढून टाकली, की मिलानच्या बेकरीवाल्याला त्या पावावर ‘पानेत्तोने’ असं छापता येत नाही. तरीही नाताळच्या जेवणाला बसलेल्या कुटुंबात आज एखादी भाची किंवा जावई व्हीगन असतो, आणि उंच, घुमटाकार पानेत्तोनेचा काप त्याच्याही ताटात पडावा असं घरातल्यांना मनापासून वाटतं. ते कसं जमवायचं, याचं उत्तर पिठाच्या रसायनात आहे.

आपल्याकडे ‘एगलेस’ केक सगळीकडे मिळतो. पण त्यात बहुधा दही किंवा कन्डेन्स्ड मिल्क असतं, त्यामुळे तो व्हीगन नव्हे. शिवाय बेकिंग पावडरवर फुगणारा केक आणि रात्रभर आंबणारा हा पाव, दोघांची जातकुळीच निराळी.

पानेत्तोनेचा जीव असतो ‘लिएव्हितो माद्रे’त, म्हणजे मैदा आणि पाण्याच्या घट्ट आंबवणात. आपण विरजण राखतो तसं ते वर्षानुवर्षं राखलं जातं. मिलानकडे कापडात गुंडाळून दोरीनं करकचून बांधतात, शेजारच्या प्येमोन्ते प्रांतात पाण्यात बुडवून ठेवतात. यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू त्यात एकत्र नांदतात. जिवाणूंमुळे सामू ४च्या आसपास उतरतो. एवढं आम्ल ग्लूटेनला, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाला, बळकटी देतं आणि बुरशीला दूर ठेवतं. त्याहून आंबट झालं तर मात्र ग्लूटेन तुटायला लागतं, म्हणून आंबवणाचे काप किंचित गोड पाण्यात भिजवून जास्तीचं आम्ल काढतात. पीठ भिजवायच्या दिवशी त्याला तीन-चार तासांच्या अंतरानं ताजा मैदा आणि पाणी देत राहतात. या सगळ्यात प्राण्यापासून आलेलं काही नाही. ज्या भागाला सर्वांत जास्त कौशल्य लागतं, तो मुळातच व्हीगन आहे, आणि ही गोष्ट मला फार आश्वासक वाटते.

आता अंडं. व्हीगन बेकिंगचा विषय निघाला की हल्ली आधी काबुली चण्याच्या पाण्याचं नाव घेतलं जातं. कडधान्य शिजवलेल्या पाण्याचा चांगला फेस होतो, हे २०१४ साली फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी दाखवलं, आणि मेरिंगसाठी, म्हणजे अंड्यातलं पांढरं साखरेबरोबर फेसून करतात त्या मिठाईसाठी, ते पाणी खरोखर उत्तम आहे. पण त्यानं भरून निघते ती अंड्यातल्या पांढऱ्याची उणीव. पानेत्तोनेत फेस लागतच नाही. तिथे राबतो तो बलक. माझ्या मते बरेच घरगुती प्रयत्न इथेच वाट चुकतात.

बलकात साधारण निम्मं पाणी, तिसरा हिस्सा स्निग्धता आणि उरलेल्यात बहुतांश प्रथिनं असतात. त्यातलं लेसिथिन स्निग्ध पदार्थ आणि पाणी यांना एकजीव ठेवतं. सूर्यफुलाच्या किंवा सोयाबीनच्या लेसिथिनकडून हे काम चोख होतं, कारण रेणूंचं कुटुंब तेच आहे. बलकातली प्रथिनं ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होतात आणि भाजताना पावाला आतून आधार देतात. त्या जागी सोयादूध चालतं, पण आधार थोडा कमी पडतो. पिवळ्या रंगासाठी वाफवलेला लाल भोपळा घ्यावा. त्यातलं कॅरोटीन रंग देतं आणि पेक्टिन पाणी धरून ठेवतं. मिलानच्या भागाला भोपळा परकाही नाही. मिलान ज्या लोम्बार्दी प्रांतात आहे, तिथल्याच मान्तोव्हा शहरात नाताळच्या आदल्या रात्री भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली, हा पास्त्याचा प्रकार, खातात.

खरी कसोटी बटरची. पीठ २६ ते २८ अंशांवर फुगत असतं आणि त्या तापमानाला बटर पूर्ण वितळलेलं नसतं. थोडं द्रव, थोडं स्फटिकरूप असतं. हे बारीक स्फटिक वायूच्या बुडबुड्यांच्या कडेला जाऊन बसतात. भट्टीत ते वितळले, की बुडबुड्याचा पृष्ठभाग न फाटता ताणू शकतो. पानेत्तोनेच्या जाळीदार, धाग्याधाग्यानं सुटणाऱ्या गाभ्यामागे हे एक मोठं कारण आहे. ऑलिव्ह तेलात त्या तापमानाला स्फटिकच नसतात. खोबरेल २५ अंशांच्या आतच वितळतं, म्हणजे नुसतं खोबरेल घातलं तर पीठ फुगण्याआधीच तेलकट होऊन सैलावतं. कोको बटर मात्र ३४ अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून वास काढून टाकलेलं खोबरेल, थोडं कोको बटर आणि एखादं द्रव तेल एकत्र करावं. वितळण्याचा टप्पा असा लांबवला, की बटरच्या बराच जवळ जाता येतं. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं, तेवढं पाणी लेसिथिनच्या मदतीनं या मिश्रणात घोटून घ्यायचं. संत्र्याची किसलेली सालही यातच मुरवावी, कारण तिचा सुगंध देणारं लिमोनीन स्निग्ध पदार्थात विरघळतं. बटरची स्वतःची चव मात्र येणार नाही. तिची नक्कल करण्यापेक्षा फळांच्या सालीला पुढे येऊ द्यावं असं मला वाटतं.

मळण्याचा क्रम बदलायचा नाही. आधी ग्लूटेन तयार होऊ द्यायचं, स्निग्धता शेवटी आणि थोडी थोडी करून. मैदा भरपूर प्रथिनांचा हवा; इटलीत त्याला कॅनडातल्या प्रांतावरून ‘मॅनिटोबा’ म्हणतात.

गाभा ९२ ते ९४ अंशांपर्यंत पोचला की पाव बाहेर काढून, बुडाशी सळया खुपसून लगेच उलटा टांगतात. गरम असताना स्टार्च आणि ग्लूटेन मऊच असतात, आणि सुलटा ठेवलेला पाव स्वतःच्या वजनानं बसतो. बलकाचा आधार नसलेल्या पावात हा धोका जास्त, म्हणून तो टांगायला क्षणाचाही उशीर नको आणि रात्रभर टांगलेलाच राहू द्यावा.

मिलानमध्ये नाताळच्या पानेत्तोनेचा एक तुकडा ३ फेब्रुवारीपर्यंत, संत ब्याजोच्या दिवसापर्यंत राखून ठेवतात आणि घशाचं दुखणं टळावं म्हणून सकाळी उपाशीपोटी खातात. व्हीगन पावाला हा पल्ला अवघड जातो. पाव शिळा होतो तो नुसता सुकल्यानं नव्हे. स्टार्चमधलं अमायलोपेक्टिन हळूहळू पुन्हा स्फटिकरूप होतं आणि गाभा कडक करतं. ही प्रक्रिया लांबवायला लेसिथिन, भोपळ्यानं धरलेलं पाणी आणि भरपूर साखर उपयोगी पडतात. फ्रिजच्या तापमानाला ती उलट सर्वांत वेगानं होते, म्हणून पाव पूर्ण गार झाल्यावर पिशवीत हवाबंद करून फ्रिजबाहेरच ठेवावा आणि खाण्याआधी काप किंचित गरम करावा. उष्णतेनं ते स्फटिक पुन्हा मोडतात आणि गाभा मऊ होतो.