कित्तूरचा कैदी, डार्विन आणि आपली कबुतरं

बेळगावात वडगाव, शहापूर, खासबाग कुठल्याही बाजूला संध्याकाळी मान वर करून बघा, कुठल्या ना कुठल्या स्लॅबवर कोणीतरी कबुतरं उडवत असतोच. दिवसभर मागावर नाहीतर उद्यमबागेत मशीनवर काम करणारा माणूस, पण ढाबळीत शिरला की प्रत्येक पक्ष्याची आई, बाप, आजा सगळं तोंडपाठ, कुठल्या जोडीतनं कुठला रंग निघाला ते पण. घरचे म्हणतात "ह्या नादापायी वाया गेला की वो". मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा नीट सांगायचंय.

आधी दुसऱ्या बाजूचा एक गैरसमज काढून टाकू. छंदाची बाजू घेणारे लगेच म्हणतात की छंदाने डोकं तल्लख होतं, पोराला बुद्धिबळ शिकवा म्हणजे सगळ्यातच हुशार होईल. तसं सरसकट होत नाही. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन ह्या दोघांनी बुद्धिबळ खेळणाऱ्यांना खऱ्या डावातला पट फक्त ५ सेकंद दाखवला आणि आठवून परत मांडायला सांगितला. मास्टरने साधारण १६ मोहरी बरोबर ठेवली, नवशिक्याने ४. आता मास्टरची स्मरणशक्तीच भारी असं वाटेल, पण तीच मोहरी कशीही विस्कटून ठेवली तर मास्टर आणि नवशिका जवळपास एकाच लायनीत आले! म्हणजे मास्टरचं डोकं एकेक मोहरं लक्षात ठेवत नव्हतं, ओळखीच्या मांडण्यांचे गठ्ठे पकडत होतं, आणि ओळखीचं काही नसलं की हात रिकामे.

ह्याहून मला आवडणारा प्रयोग १९८० साली छापून आला, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला. एक साधा कॉलेजचा मुलगा, त्याला एकेक करून आकडे वाचून दाखवायचे आणि त्याने ते ओळीने परत सांगायचे. सुरुवातीला आपल्यासारखेच ७ आकडे जमायचे. दीड-पावणेदोन वर्षं आठवड्यातनं काही तास सराव केल्यावर तो ७९ आकड्यांपर्यंत गेला. कसं जमलं? तर तो लांब पल्ल्याचा धावपटू होता, शर्यतींच्या वेळा त्याच्या डोक्यात ठासून भरलेल्या. ३४९२ ऐकलं की तो म्हणायचा ३ मिनिटं ४९.२ सेकंद, म्हणजे मैलाच्या शर्यतीतली जबरदस्त वेळ, झालं, ४ आकड्यांचा एक गठ्ठा. पळायचा छंद आकड्यांच्या कामी आला. आणि मग आकड्यांऐवजी अक्षरं दिली तर गाडी परत ६ वर.

म्हणजे छंदाने डोक्याची मशीन बदलत नाही, डोक्यात एका विषयाचा साठा होतो, आणि तो साठा जिथे जोडता येतो तिथे ताकद दाखवतो. मेंदूत पण ह्याची खूण दिसते. इसाबेल गोथिए आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००० साली पक्षी ओळखण्यात मुरलेले आणि गाड्या ओळखण्यात मुरलेले असे लोक स्कॅनरमध्ये घातले, तर माणसांचे चेहरे बघताना मेंदूचा जो भाग जागा होतो तोच भाग पक्षीवाल्यांच्यात पक्ष्यांना आणि गाडीवाल्यांच्यात गाड्यांना जास्त साथ देत होता. आपल्याला सगळी कबुतरं सारखी दिसतात आणि ढाबळवाल्याला प्रत्येकाचं तोंड वेगळं दिसतं ते उगीच नाही.

आता हा साठा जोडायचा कुठे? माझं मत असं की बऱ्याचदा तो आपल्या स्वतःच्या कामात नाही, दुसऱ्याच कुणाच्या तरी कामात जोडला जातो. ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या बेळगाव जिल्ह्यातच आहे आणि इथल्या शाळेत ते कुणी सांगत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

१८२४ चं कित्तूर. राणी चन्नम्माच्या लोकांनी कंपनीच्या फौजेला हरवलं, धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, आणि त्याचे दोन असिस्टंट पकडले गेले. त्यातला एक वॉल्टर एलियट, वय २१. काही आठवडे कित्तूरच्या कैदेत राहून तो सुटला. नोकरी महसुलाची, पण ह्या माणसाला नाद किती! शिलालेखांच्या नकला गोळा करणं, जुनी नाणी, शिकार, जनावरं, पक्षी. वयाची ऐंशी ओलांडल्यावर दक्षिण भारतातल्या नाण्यांवर त्याने पुस्तक लिहिलं. १८३९ साली त्याने दक्षिण मराठा मुलखातल्या, म्हणजे आपल्या बेळगाव-धारवाड पट्ट्यातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली आणि त्यात प्राण्यांची इथल्या भाषांतली नावं पण दिली. ती नावं त्याला कुणी सांगितली असणार? इथल्याच शिकाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, रानात फिरणाऱ्या लोकांनी. त्यांची नावं छापली गेली नाहीत, ज्ञान मात्र छापलं गेलं.

पुढे तो मद्रासला मोठ्या हुद्द्यावर गेला. तिकडे इंग्लंडात चार्ल्स डार्विन १८५५ पासून कबुतरं पाळायला लागला होता, लंडनच्या दोन कबूतर क्लबांचा मेंबर पण झाला, आणि तिथे त्याने खुशाल सामान्य कबूतरवाल्यांच्या पंगतीत बसून माहिती काढली. त्याला जगभरच्या जाती हव्या होत्या. भारतातनं कबुतरांची कातडी कुणी पाठवली? ह्याच एलियटने. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पहिल्याच प्रकरणात डार्विनने त्याचं नाव घेऊन आभार मानलेत. उत्क्रांतीची एवढी मोठी मांडणी, आणि तिच्या दारातच कबुतरं.

डार्विनला दाखवायचं होतं की लक्का, गिरेबाज, सगळ्या जाती एकाच रानकबुतरापासून आल्या, ते निळसर राखाडी, पंखावर दोन काळे पट्टेवालं. त्याने पांढरा लक्का आणि काळ्या बार्ब जातीचं कबूतर ह्यांचा संकर केला, पिल्लं मिसळ रंगाची निघाली, मग त्या पिल्लांचा आपसात संकर केला तर एक नातवंड थेट निळं, पंखावर दोन काळे पट्टे! आजा-आजीत निळा रंग कुठे दिसत नव्हता तरी. असं "मूळ रंगावर गेलेलं" पिल्लू जुन्या ढाबळवाल्यांना नवीन नाही, फक्त त्या माहितीचं मोल काय ते त्यांना कुणी सांगत नाही.

म्हणून ढाबळवाल्यांना माझी खरीखुरी विनंती आहे, तोंडपाठ आहे ते वहीत उतरवा. कबूतर एका वेळी २ अंडी घालतं, साधारण १८ दिवसात पिल्लू बाहेर येतं, सहाएक महिन्यात ते स्वतः जोडी करायला तयार होतं, त्यामुळे नातवंडं दीडएक वर्षात बघायला मिळतात. निळा नर आणि राखाडी अंगाची, पंखावर तांबडे पट्टे असलेली मादी अशी जोडी लावून बघा. पिल्लातले नर सगळे तांबड्या पट्ट्याचे आणि माद्या सगळ्या निळ्या निघतात. कारण पक्ष्यांत माणसांच्या उलटं असतं, नर-मादी ठरवणारी झेड नावाची गुणसूत्रं नराकडे दोन आणि मादीकडे एकच, ते तिला बापाकडूनच मिळतं, आणि हा रंग त्याच गुणसूत्रावर बसलेला आहे. तांबडा निळ्यावर वरचढ, म्हणून आईचा तांबडा मुलांना आणि बापाचा निळा मुलींना. पांढरी किंवा अंगभर गडद लाल कबुतरं ह्यात घेऊ नका, त्यांच्यात दुसरी जनुकं खालचा रंग झाकून टाकतात.

उलटी जोडी, म्हणजे तांबड्या पट्ट्याचा नर आणि निळी मादी, लावायची असेल तर आधी नराची पिसं उन्हात धरून तपासा. त्यावर काळे ठिपके असले तर तो आत निळा लपवून बसलाय, त्याच्या पिल्लात नर काय, मादी काय, दोन्ही रंग निघतात, आणि अशा जोडीची नोंद पहिल्या अंड्यापासून ठेवावी, तारीख, रंग, नर की मादी सगळं.