1000 मागे 1020 बायका, म्हणजे मुली वाचल्या असं नाही

2021 च्या नोव्हेंबरात एनएफएचएस-5 चे, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे आकडे आले, 1000 पुरुषांमागे 1020 स्त्रिया, आणि तेव्हापासून हा आकडा भाषणांत, एमपीएससीच्या नोट्समधे, व्हॉट्सअॅपवर फिरतोय आणि त्याला चिकटून दरवेळी तेच वाक्य, की बघा, गर्भलिंगनिदान थांबलं. अहो, त्याच सर्व्हेत जन्मावेळचं लिंग गुणोत्तर 929 आहे, म्हणजे जन्मलेल्या 1000 मुलग्यांमागे 929 मुली, ते कोणी वाचायचं?

एकूण लिंग गुणोत्तर, म्हणजे तो 1020 वाला आकडा, सगळ्यांना माहितीये, शाळेपासून पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. फक्त एवढं बघा की त्यात नव्वदीची आजीपण मोजलेली असते. बायका पुरुषांपेक्षा सरासरी अडीच-तीन वर्षं जास्त जगतात, म्हणजे समाजात म्हातारी माणसं वाढली की हा आकडा आपोआप वर सरकतो, एकही जास्तीची मुलगी जन्माला न येता. दुसरं म्हणजे स्थलांतर. हा सर्व्हे घरोघरी जाऊन होतो आणि आदल्या रात्री त्या घरात झोपलेली माणसं मोजतो, बराकीतला जवान किंवा बांधकामाच्या साइटवर राहणारा मजूर त्यात सहसा येतच नाही. रत्नागिरी घ्या. 2011 च्या जनगणनेत तिथे 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, कारण चाकरमानी मुंबईत. त्याच जिल्ह्यात 0 ते 6 वयात 1000 मुलग्यांमागे फक्त 936 मुली. कोकणात मुलींना जास्त मान म्हणून 1122, असं लिहिणाऱ्यांनी हा दुसरा आकडा एकदा तरी बघावा.

जन्मावेळच्या आकड्यात यातलं काहीच शिरत नाही, ना आयुर्मान ना मुंबईची नोकरी. ठरावीक काळात जन्मलेले मुलगे किती आणि मुली किती, बस. म्हणून सोनोग्राफीच्या खोलीत काय चाललंय ते कळायला हाच बघायचा. आणि एकूण आकडा आणि लहान मुलींचा आकडा उलट दिशेने जाऊ शकतात हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून आपल्याच राज्याचं सांगतो: 2001 ते 2011 मधे महाराष्ट्राचं एकूण गुणोत्तर 922 वरून 929 झालं, आणि 0 ते 6 वयाचं 913 वरून 894 वर आलं. बीडमधे तर 807. एकूण आकडा सुधारत होता तेव्हाच मुली कमी होत होत्या, तेही गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा 1994 चा असताना. नुसत्या एकूण आकड्यावर खूश होणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

0 ते 6 चं गुणोत्तर या दोघांच्या मधलं, त्यात जन्मानंतर दुर्लक्षामुळे गेलेल्या मुलीही धरल्या जातात. ठीक आहे, पण जनगणनेतला त्याचा शेवटचा आकडा 2011 चा.

अजून एक गोष्ट डोक्यात जाते. जन्मावेळच्या आकड्याचं टार्गेट 1000 ठेवणारे. निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात, 100 मुलींमागे साधारण 105, म्हणजे आपल्या पद्धतीने 1000 मुलग्यांमागे 950 मुलींच्या आसपास. तिथे पोचलो की गर्भातली लिंगनिवड थांबली असं म्हणता येतं. आणि बाहेरच्या देशांच्या रिपोर्टमधे हेच उलटं लिहितात, 100 मुलींमागे मुलगे, तिथे आकडा वाढला तर ती वाईट बातमी.

गोव्याचं एनएफएचएस-5 मधलं 838 बघून मात्र लगेच धावू नका. आधीच्या फेरीत 966 होतं. छोटं राज्य, सॅम्पलमधली घरं कमी, त्यात गेल्या पाच वर्षांतले जन्म अजूनच कमी, थोडे इकडचे तिकडे झाले तरी आकडा उडी मारतो. जिल्ह्याच्या आकड्यांचं तर त्याहून जास्त. अशा ठिकाणी मी आधी जन्मनोंदणीचे सलग तीन-चार वर्षांचे आकडे मागतो आणि मगच बोलतो.